क्लोद मोने : स्वतःच्याच चित्रांवर सुरी चालवणारा चित्रकार



तुमच्या वर्गात किंवा घरात असं एखादं मूल नक्की असेल. चित्र काढायला बसतं, चार रेघा ओढतं आणि खोडरबर हातात घेतं. पुन्हा काढतं, पुन्हा खोडतं. शेवटी कागद काळा पडतो, मध्येच फाटतो आणि चुरगळून बाकाखाली जातो. गंमत म्हणजे त्याला कुणी नावं ठेवलेली नसतात. बाई रागावलेल्या नसतात, शेजारचं मूल हसलेलं नसतं. त्याच्या आतच कुणीतरी बसलेलं असतं आणि ते सारखं सांगत असतं की हे तुला जमत नाही.

हा आतला टीकाकार मोठ्यांनाही सोडत नाही. त्यातही जी माणसं आपल्या कलेवर पोट भरतात त्यांना तो जास्तच छळतो. घरी केक करून विकणारी आई, गणपतीच्या मूर्ती घडवणारा कारागीर, लग्नाचे फोटो काढणारा तरुण, हाताने भरतकाम करून साड्या विकणारी ताई. यांच्या मालात त्यांचा जीव गुंतलेला असतो. किराणा दुकानदाराचं साबण विकलं गेलं नाही तर त्याला स्वतःबद्दल शंका येत नाही. पण यांचं काम परत आलं, की आपणच नापास झालो असं त्यांना वाटतं.

म्हणून आज आपण एका अशा माणसाचं चरित्र पाहूया, ज्याची चित्रं जगभरातल्या संग्रहालयांत आहेत, जो आपल्या हयातीतच श्रीमंत झाला, ज्याचं नाव चित्रकलेच्या प्रत्येक पुस्तकात असतं आणि तरीही ज्याने स्वतःची चित्रं स्वतःच्या हाताने फाडली. त्याचं नाव क्लोद मोने. आतल्या आवाजाशी तो जवळजवळ साठ वर्षं झगडला. तो जिंकला की हरला हे शेवटी तुम्हीच ठरवा.

बालपण : वहीतली व्यंगचित्रं

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. तो लहान असतानाच त्याचं कुटुंब ल हाव्र या बंदराच्या गावी राहायला गेलं. वडील व्यापारात होते. मुलाने धंद्यात यावं अशी त्यांची साधी अपेक्षा. पण मुलाचं मन ना शाळेत ना दुकानात. वर्गात बसून तो वहीच्या कडांवर आपल्या शिक्षकांची व्यंगचित्रं काढायचा. (आपल्यापैकी कितीजणांनी अशी वही जप्त केली असेल!)

पण ही व्यंगचित्रं पुढे कामी आली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं काढून विकू लागला. चित्रांना चौकटी बसवून देणाऱ्या एका दुकानाच्या काचेत ती लावलेली असत आणि येणारे-जाणारे लोक थांबून हसत. म्हणजे बघा, स्वतःच्या कलेचा धंदा या पोराने मिसरूड फुटायच्या आधीच सुरू केला होता.

त्याच दुकानात यूजीन बूदँ नावाच्या चित्रकाराची समुद्राची चित्रंही असत. मोनेला ती आवडायची नाहीत. पण बूदँने या मुलातली नजर ओळखली आणि त्याला आपल्याबरोबर उघड्यावर चित्र काढायला नेलं. तोवर बहुतेक चित्रकार बाहेर फक्त कच्चं टिपण करत आणि खरं चित्र खोलीत बसून रंगवत. बूदँने मोनेला आकाश, पाणी आणि सतत बदलणारा उजेड समोर बसून बघायला शिकवलं. मोने हे ऋण आयुष्यभर विसरला नाही. एका चांगल्या शिक्षकाने वर्गाबाहेर नेलं की काय होऊ शकतं, याचं हे एक उदाहरण.

पण इथेच त्याच्या त्रासाचंही मूळ आहे. उजेड ही पकडून ठेवता न येणारी गोष्ट. जो माणूस तोच पकडायचं ठरवतो, त्याला आपण कमी पडलो असं रोज संध्याकाळी वाटणारच.

पॅरिस : नकार आणि उधारी

१८५९ मध्ये मोने पॅरिसला गेला. मध्ये काही काळ अल्जीरियात लष्करी नोकरी झाली. १८६२ मध्ये तो ग्लेर नावाच्या चित्रकाराच्या कार्यशाळेत दाखल झाला. तिथे त्याला रेन्वार, सिस्ले आणि बाझीय हे मित्र मिळाले.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचं भवितव्य एकाच ठिकाणी ठरायचं. त्याला सालों म्हणत. हे सरकारमान्य मोठं प्रदर्शन. तिथल्या परीक्षकांनी चित्र घेतलं तर गिऱ्हाईक मिळे, नाकारलं तर उपासमार. मोनेची चित्रं १८६५ आणि १८६६ मध्ये तिथे लागली, लोकांनी वाखाणलीही. मग त्याने मोठी उडी घेतली. चार मीटरपेक्षा उंच आणि सहा मीटर रुंद असं वनभोजनाचं एक प्रचंड चित्र त्याने सुरू केलं होतं. ते वेळेत पुरं होईना. शेवटी त्याने ते सोडून दिलं. पुढे ते घरभाड्यापोटी घरमालकाकडे गहाण पडलं, ओलीने सडलं आणि मोनेने त्याचे उरलेसुरले चांगले तुकडे कापून ठेवले. ते तुकडे आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत.

नंतर त्याने बागेतल्या बायकांचं अडीच मीटर उंचीचं चित्र बाहेर उघड्यावर रंगवलं. वरच्या भागापर्यंत हात पोचावा म्हणून त्याने जमिनीत चर खणला आणि कॅनव्हास खाली-वर सरकवायची सोय केली. १८६७ मध्ये परीक्षकांनी ते नाकारलं. तेव्हा मित्र बाझीयने ते २५०० फ्रँकला विकत घेतलं आणि दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्याने पैसे दिले. मित्राची मदतही व्हावी आणि त्याचा मानही राहावा, अशी ही रीत. हाच बाझीय १८७०च्या युद्धात मारला गेला.

स्वतःची कंपनी

परीक्षक दार उघडत नाहीत ना, मग आपलंच दार बांधू, असं या मंडळींनी ठरवलं. डिसेंबर १८७३ मध्ये मोने, रेन्वार, पिसारो, सिस्ले, दगा वगैरे चित्रकारांनी मिळून एक कंपनी काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर कलाकारांची सहकारी संस्थाच. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. आपली चित्रं आपणच मांडायची आणि आपणच विकायची. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन उघडलं.

तिथे मोनेचं ल हाव्र बंदरावरच्या सकाळचं एक चित्र होतं. त्याचं नाव ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. लुई लरॉय नावाच्या पत्रकाराने या नावावरून सगळ्या गटाची यथेच्छ टिंगल केली. त्या टिंगलीतूनच इम्प्रेशनिस्ट हे नाव रूढ झालं आणि पुढे या मंडळींनी तेच अभिमानाने मिरवलं. कंपनी मात्र तोट्यात गेली आणि वर्षाच्या आतच बंद झाली.

इथे जरा थांबूया. बाहेरच्यांची टीका मोनेने कशी घेतली? पचवली. वर्तमानपत्रं हसली म्हणून त्याने आपली पद्धत बदलली नाही. पुढच्या प्रदर्शनांतही तो उभा राहिला. म्हणजे हा माणूस लोकांच्या बोलण्याने खचणारा नव्हता. त्याला खचवणारा टीकाकार वेगळा होता आणि तो त्याच्याबरोबर त्याच्याच घरात राहत होता.

आठ मुलांचं घर

मोनेचं कामीय हिच्यावर प्रेम होतं. १८६७ मध्ये मुलगा झाँ झाला, १८७० मध्ये लग्न झालं, १८७८ मध्ये दुसरा मुलगा मिशेल झाला. कामीय तोवर फार आजारी होती. त्याच सुमारास मोनेची चित्रं विकत घेणारा ऑशदे नावाचा व्यापारी दिवाळखोर झाला. दोन्ही कुटुंबं खर्च वाचवायला व्हेतय या गावी एकाच घरात राहू लागली. ऑशदेंची सहा मुलं आणि मोनेची दोन, अशी आठ मुलं. ५ सप्टेंबर १८७९ रोजी कामीय गेली. ती अवघी बत्तीस वर्षांची होती. पुढे ऑशदेंची पत्नी अलिस हिनेच सगळ्या मुलांना सांभाळलं. १८९१ मध्ये तिचा नवरा वारला आणि १८९२ मध्ये मोने आणि अलिसचं लग्न झालं.

आठ मुलांचं घर चित्रं विकून चालवायचं म्हणजे भावनेवर भागत नाही. मोने हिशोबाला पक्का होता. विकलेल्या चित्रांची तो वहीत नोंद ठेवायचा. पॉल ड्युराँ-रुएल हा त्याचा जुना आणि भला चित्रविक्रेता. पण तो अडचणीत आल्यावर मोनेने एकाच माणसावर अवलंबून राहायचं सोडलं. जॉर्ज पती आणि थिओ व्हॅन गॉग यांनाही तो चित्रं देऊ लागला. (हा थिओ म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ.) विक्रेत्यांत चढाओढ लागली आणि भाव वाढले.

१८८३ मध्ये हे सगळं बिऱ्हाड जिव्हर्नी या गावी आलं. १८९० मध्ये मोनेने तिथलं घर विकतच घेतलं. मरेपर्यंत तो तिथेच राहिला.

उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. मोनेची नजर जितकी तीक्ष्ण, तितकाच त्याचा स्वतःवरचा राग तीक्ष्ण. चित्र मनासारखं झालं नाही की तो कॅनव्हास खरवडायचा, फाडायचा, प्रसंगी जाळायचा. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प.

१८८९ मधली एक गोष्ट ऐका. क्रझ नदीच्या खोऱ्यात तो एका जुन्या ओक वृक्षाचं हिवाळी चित्र काढत होता. पावसाने बरेच दिवस काम थांबलं. आभाळ उघडलं तोवर वसंत आला आणि झाडाला पालवी फुटली. आता चित्र जुळेना. दुसरा कुणी असता तर त्याने चित्र सोडलं असतं किंवा पालवी रंगवली असती. मोनेने झाडाच्या मालकाची परवानगी काढली आणि माणसं लावून सगळी पानं खुडून घेतली! आपल्याला हसू येतं. पण नीट बघा. आतला टीकाकार माणसाला असाच नाचवतो. चित्र चित्रासारखं असून चालत नाही, जगच चित्रासारखं व्हावं असं वाटायला लागतं.

याच सुमारास त्याला एक वाट सापडली. घराजवळच्या शेतात कापणीनंतर गव्हाच्या गंजी रचलेल्या असत, कोकणात भाताच्या उडव्या रचतात तशा. मोने त्या रंगवायला बसला. पण थोड्याच वेळात उजेड बदलला. आधी तो अशा वेळी चिडायचा. आता त्याने सुरू असलेला कॅनव्हास बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. पुन्हा उजेड बदलला, तिसरा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच उजेड आला की पहिला कॅनव्हास पुन्हा पुढे. असं करत करत त्याने एकाच विषयाची चित्रमालिका केली. मे १८९१ मध्ये ड्युराँ-रुएलच्या गॅलरीत अशी गंजींची १५ चित्रं लागली आणि थोड्याच दिवसांत विकली गेली.

चित्रकलेच्या इतिहासात या मालिकेचं महत्त्व मोठं आहे. पण मला त्यातली काम करायची रीत फार मोलाची वाटते. जोवर एकच कॅनव्हास समोर होता तोवर प्रश्न भला मोठा होता. मी चांगला चित्रकार आहे की नाही, असा. पंधरा कॅनव्हास झाल्यावर प्रश्न लहान झाला. सकाळी नऊचा उजेड या चित्रात आला की नाही, एवढाच. मोठ्या प्रश्नावर आतला टीकाकार तासन्‌तास भाषण देतो. लहान प्रश्नावर त्याला दोन शब्दांच्या वर बोलता येत नाही. शिवाय एक चित्र बिघडलं तरी बाकीची चौदा असतात. सगळा मान एकाच कागदावर लावलेला नसतो.

त्याच वर्षी त्याने पॉप्लरच्या झाडांची मालिका सुरू केली. मध्येच कळलं की ती झाडं तोडून विकणार आहेत. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलणी केली, पदरचे पैसे घातले आणि चित्रं होईपर्यंत झाडं उभी ठेवून घेतली. कलावंत आणि धंदेवाईक माणूस एकाच सदऱ्यात कसे राहतात, ते इथे दिसतं.

मग रुआँ गावच्या कॅथीड्रलची मालिका आली. १८९२ आणि १८९३ असे दोन हिवाळे समोरच्या खोल्यांतून तो तेच दगडी तोंड रंगवत बसला. इतका ताण आला, की ती सगळी इमारत निळी, गुलाबी, पिवळी होऊन अंगावर कोसळतेय असं वाईट स्वप्न त्याला पडलं. पण चित्रं त्याने फेकली नाहीत. घरी आणली, भिंतीला टेकवून ठेवली, १८९४ मध्ये शांतपणे शेजारी-शेजारी मांडून पुरी केली. १८९५ मध्ये त्यातली २० प्रदर्शित झाली.

बाग

जिव्हर्नीत मोनेने हळूहळू मोठी बाग उभी केली. १८९३ मध्ये त्याने रस्त्यापलीकडची ओली जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं करायचं ठरवलं. गावकऱ्यांनी विरोध केला. परदेशी वनस्पतींनी पाणी खराब होईल अशी भीती त्यांना वाटत होती. अर्ज-विनंत्या करून परवानगी मिळाली. तळ्यात वॉटर लिली लागल्या (आपल्याकडची पाणकमळं म्हणा), वर जपानी धाटणीचा लाकडी पूल झाला.

सुरुवातीला ही बाग चित्रांसाठी नव्हतीच. ती मोनेची विश्रांती होती. चित्र जमलं नाही तरी रोप वाढतं. मातीत हात घातला की आतला आवाज थोडा वेळ तरी गप्प बसतो, कारण रोप चांगलं आहे का वाईट याचा निकाल आज लागत नसतो. गंमत अशी, की याच विश्रांतीच्या जागेने त्याला शेवटची पंचवीस-तीस वर्षं चित्रांचा विषय पुरवला.

यश आलं, तरी आवाज गेला नाही

तुम्हाला वाटेल, एवढं यश आल्यावर आतला टीकाकार थंडावला असेल. अजिबात नाही. हा भाग पालकांनी जरा लक्ष देऊन वाचावा.

१९०८ साल. मोने ६७ वर्षांचा. घर, बाग, माळी, मोटार, अमेरिकेपर्यंत गिऱ्हाईक. वॉटर लिलींच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलेलं. त्याआधी त्याने सुरी घेतली आणि किमान १५ चित्रं फाडून टाकली. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी आली. प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं. अखेर ते मे १९०९ मध्ये भरलं, ४८ चित्रं लागली आणि ते फार गाजलं.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात.

पहिली, बक्षीस, पैसा किंवा टाळ्या मिळाल्या की आतला टीकाकार आपोआप गप्प होतो, हा समज चुकीचा आहे. मोनेच्या हिशोबाच्या वहीतले आकडे वाढत होते, तरी सुरी हातात होतीच. म्हणून मुलाला नुसतं तू हुशार आहेस, छान आहेस असं सांगत राहून हा प्रश्न सुटत नाही. उलट अपेक्षेचं ओझं वाढतं.

दुसरी, ती १५ चित्रं खरंच वाईट होती का? आज कुणीच सांगू शकत नाही. त्यांच्याच वेळची, त्याच तळ्याची वाचलेली चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि लोक त्यांच्यासमोर तास तास उभे राहतात. फाडलेल्यांना ती संधीच मिळाली नाही. आतला टीकाकार नेहमी खोटंच बोलतो असं नाही. काही चित्रं खरोखर फसलीही असतील. पण तो थकलेल्या, वैतागलेल्या घटकेला निकाल देतो आणि लगेच अंमलबजावणी मागतो. दोष निकालापेक्षा त्या घाईत आहे.

आणि ही तीक्ष्ण नजर काढून टाकायचीही नसते, बरं का. सकाळी नऊचा आणि साडेनऊचा उजेड वेगळा आहे हे ज्या डोळ्याला दिसलं, त्याच डोळ्याला चित्रातली उणीव दिसली. डोळा ठेवायचा आणि सुरी लांब ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

मित्राचा हात

१९११ मध्ये अलिस गेली. १९१२ मध्ये डॉक्टरांनी मोतीबिंदूचं निदान केलं. ज्याचं सगळं आयुष्य रंगांवर, त्याचे डोळेच जायला लागले. १९१४ मध्ये थोरला मुलगा झाँ वारला. मोनेने काम जवळपास सोडलं होतं.

या वेळी दोन माणसं उभी राहिली. एक म्हणजे ब्लांश, अलिसची मुलगी आणि झाँची विधवा. ती स्वतः चित्रकार होती. ती घरी येऊन राहिली आणि म्हाताऱ्याचं सगळं बघू लागली. दुसरा म्हणजे जॉर्ज क्लेमान्सो. फ्रान्सचा मोठा राजकारणी, मूळचा डॉक्टर, पुढे पहिल्या महायुद्धात देशाचा पंतप्रधान. त्याने मोनेला एक जुनं स्वप्न आठवून दिलं. एका गोल दालनात चारी बाजूंनी तळ्याचीच चित्रं असावीत, हे ते स्वप्न.

मोने चौऱ्याहत्तरीकडे झुकलेला. डोळे अधू. तरी त्याने मोठा स्टुडिओ बांधायला घेतला. दोन मीटर उंच आणि चार मीटरपेक्षा रुंद कॅनव्हास चाकांच्या घोड्यांवर उभे केले. युद्धाच्या काळात तो रोज काम करत राहिला. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबलं आणि दुसऱ्याच दिवशी मोनेने क्लेमान्सोला पत्र लिहून यातली चित्रं देशाला भेट द्यायची इच्छा कळवली. १९२२ मध्ये सरकारशी रीतसर करार झाला.

पण चित्रं काही स्टुडिओबाहेर पडेनात. मोने दुरुस्त्याच करत राहिला. १९२३ मध्ये डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर रंग कधी फार पिवळे दिसत, कधी फार निळे. वैतागून त्याने सगळा करारच मोडायचं ठरवलं. तेव्हा क्लेमान्सोने गोड बोलून समजूत घातली नाही. तो चांगलाच रागावला आणि दिलेला शब्द मोडलास तर मैत्री संपली असं त्याने कळवलं. इतकी वर्षं तो मोनेचं कौतुक करत आला होता, म्हणून त्याला रागावण्याचा हक्क होता. पुढे नवे चष्मे लाभले, १९२५ मध्ये नजर सुधारली आणि मोने पुन्हा आनंदाने कामाला लागला.

५ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी मोने गेला. चित्रं तोवर त्याच्याच स्टुडिओत होती. जिवंतपणी त्याने ती हातावेगळी केली नाहीत. १७ मे १९२७ रोजी पॅरिसच्या ऑरांझरीत ती लोकांसाठी खुली झाली. दोन लंबगोल दालनं, आठ भव्य चित्रं, सगळी मिळून लांबी जवळजवळ १०० मीटर. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे फारसं कुणी फिरकत नसे. आज तिथे रांगा लागतात.

म्हणजे मोनेचा आतला टीकाकार शेवटपर्यंत गेला नाही. पण त्याच्या डोक्यावरून, त्याच्या नाकावर टिच्चून १०० मीटर चित्रं झाली. गप्प करणं म्हणजे कदाचित एवढंच. तो बोलत राहतो आणि आपला हात चालत राहतो.

आपण वर्गात आणि घरात काय करू शकतो?

१. एकाऐवजी चार कागद द्या. चित्र असो की निबंध, एकच मोठा कागद दिला की मूल घाबरतं. शाळेसमोरचं एकच झाड सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, छोट्या छोट्या कागदांवर काढायला सांगा. कुठलं चांगलं हे विचारू नका. कुठल्यात काय वेगळं दिसतंय ते विचारा.

२. प्रश्न लहान करा. निबंध चांगला झालाय का, असं विचारण्याऐवजी पहिल्या चार ओळींत पाऊस दिसतोय का, असं विचारा. मुलाला उत्तर देता येतं आणि दुरुस्तीही करता येते.

३. टीकाकाराला वेळ ठरवून द्या. रंगवताना तो नको, नंतर चालेल. रुआँची चित्रं मोनेने घरी नेऊन शांतपणे तपासली, तसं.

४. तारीख ठरवा. आपले मूर्तिकार यात पटाईत आहेत. डोळ्यांची आखणी कितीही मनासारखी झाली नाही असं वाटलं, तरी चतुर्थीला मूर्ती घरी जायलाच हवी. गणपती काही थांबत नाही. घरून छोटा व्यवसाय करणाऱ्या पालकांनीही प्रत्येक कामाला अशी एक चतुर्थी ठरवून घ्यावी.

५. स्वतःचं बोलणं तपासा. पोळी वाकडी झाली की आई स्वतःला काय म्हणते, फळ्यावरचं अक्षर चुकलं की सर स्वतःला काय म्हणतात, हे मुलं ऐकत असतात. मोनेच्या घरातली मुलं त्याच्या चेहऱ्यावरून दिवस ओळखत. आपलीही ओळखतात.

६. फाडायच्या चित्रांचं खोकं. वर्गात एक जुनं खोकं ठेवा. ज्याला चित्र फाडावंसं वाटेल त्याने ते शुक्रवारी त्यात टाकायचं. सोमवारी बाहेर काढून आधी एका मित्राला दाखवायचं. त्यानंतरही फाडावंसं वाटलं तर खुशाल फाडू द्या. आपण अडवायचं नाही, फक्त दोन दिवसांची सुट्टी मध्ये घालायची. सोमवारी किती चित्रं खोक्यातून परत वहीत जातात, ते मोजून बघा.